ताईच्या छातीतला आवाज

ताई, परवा तिकोणा पेठेत तुझा जलदान विधी झाला. अंगणात मांडव घातला होता, वर निळी ताडपत्री ओढली होती, कारण पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. वंदना झाल्यावर लोक एकेक करून उठले आणि तुझ्याबद्दल बोलले. हसतमुख होती. कष्टाळू होती. कुणाला कधी उलट बोलली नाही. हे शेवटचं ऐकून मी आईकडे पाहिलं, तर तीही माझ्याकडेच बघत होती. तू आणि उलट बोलणार नाहीस! घरात तुझ्याशी काही बोलायचं झालं तर आम्ही आधी मनात दोनदा घोकून यायचो.

मलाही बोलायला सांगितलं. धाकटी बहीण, लोणावळ्यात हॉस्पिटलात नोकरीला, चार माणसांत वावरणारी, तेव्हा ही बोलेल असं सगळ्यांनी धरलंच होतं. मी उठले नाही. मला जे बोलायचं होतं ते मांडवात बोलण्यासारखं नव्हतं. ते तुझ्याशीच बोलायचं आहे.

आपल्या माहेरापासून, इंदुरीपासून सुरू करते, कारण तुझं दुखणं तिथेच सुरू झालं. तू अकराची, मी सातची. तुझा घसा दुखला, दोन दिवस ताप आला आणि गेला. पोरांचे घसे दुखतातच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग काही आठवड्यांनी तुझा गुडघा फुगला. तो उतरतोय तोवर घोटा सुजला. आई म्हणाली, इंद्रायणीत डुंबून डुंबून झालंय. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी तुझ्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ ती उचललीच नाही. बाहेर येऊन आईनं शेजारणीला सांगितलेलं मला आठवतं, "तापानं हिच्या काळजाला धरलंय म्हणत्यात."

त्यानंतर तो ताप परत उलटू नये म्हणून दर एकवीस दिवसांनी कमरेत इंजेक्शन. दुधासारखं पांढरं, दाट औषध. ते आत जाताना तू माझा हात असा आवळायचीस की माझ्याच डोळ्यांत पाणी यायचं. मग लंगडत घरी येताना वर मलाच म्हणायचीस, "तू कशाला रडती गं? तुला टोचलं व्हय?" सहा वर्षं तू ते टोचून घेतलंस. सतराव्या वर्षी एका सकाळी तू पायरीवर बसून राहिलीस. "मी बरी हाय. मला न्हाई जायचं." आईनं दोनदा सांगून पाहिलं, मग तिलाही वाटलं की पोरगी धडधाकट दिसतेय. पुढे तुझं लग्न ठरलं तेव्हा तिकोणा पेठेतल्या माणसांना त्या तापाबद्दल कुणी काही बोललं नाही. तो विषय आपल्या घरातही संपल्यासारखाच झाला होता.

लग्नाला सात वर्षं झाल्यावर तुला दिवस गेले. पाचव्या महिन्यात तुझा फोन आला. "चिमे, आडवं झालं की दम कोंडतोय. भिताडाला टेकून झोपते बघ मी." मला चिमे म्हणणारी तू एकटीच. मला तेव्हा इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, खोलीत नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता लोणावळ्याला ये. दाजी पॉलिहाऊसमधली गुलाबाची तोड अर्धी टाकून तुला घेऊन आले. त्यांच्या बाह्यांचे दोरे काट्यांनी निघालेले होते, आणि ते पूर्ण वेळ दाराशी उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

तुला डाव्या कुशीवर वळवलं, पाठीला उशा लावल्या. छातीवर जेल लागल्याबरोबर तू ओरडलीस, "आई गं, बरफच हाय की!" मग पडद्यावर तुझं हृदय दिसायला लागलं. आमच्या कामात एक शिस्त असते. पेशंटला काही सांगायचं नाही, विचारलं तर "डॉक्टर सांगतील" म्हणायचं. पण तू मान वळवून पडद्याकडे बघत होतीस, आणि तुला असलं काही म्हणायची माझी छाती नव्हती.

"ते उघडझाप करतंय ते काय?"

"झडप. दोन फळ्यांचं दार असतं ना, तसं."

"कुटलं दार?"

मग मी तुला सगळं सांगितलं. तुला समजावं म्हणून सांगितलं की मला किती येतं हे तुला दिसावं म्हणून, हे आता सांगता येणार नाही. फुफ्फुसातून शुद्ध होऊन आलेलं रक्त आधी वरच्या कप्प्यात उतरतं. खालचा कप्पा सैल पडला की मधलं दार उघडतं आणि रक्त खाली यायला लागतं. शेवटी वरचा कप्पा जरासा आवळतो आणि उरलंसुरलं खाली ढकलतो. मग खालचा कप्पा आवळतो. रक्त उलटं वर जाऊ नये म्हणून मधलं दार आपटून बंद होतं, आपल्याला लब् असं ऐकू येतं ते हेच. लगेच पुढचं दार उघडतं आणि रक्त मोठ्या धमनीत उसळतं, तिथून मेंदूत, हातापायांत, सगळीकडे. कप्पा परत सैल पडला की पुढचं दार मिटतं, तो डब्. उजवीकडेही त्याच वेळी हेच चाललेलं असतं. ती बाजू अंगातून परत आलेलं रक्त फुफ्फुसात पाठवते, एवढाच फरक.

"एका टायमाला किती जातं?"

"टपरीवरच्या कटिंगएवढं."

"एवढंच?" तू खरोखर नाराज झालीस.

"मिनिटाला सत्तर-ऐंशी कटिंग होतात, ताई. अंगातलं सगळं रक्त मिनिटाभरात एक फेरी मारून येतं."

"आन् माजं?"

मी पडद्यावर बोट ठेवलं. लहानपणीच्या त्या तापानं तुझ्या झडपेच्या दोन फळ्या कडांना चिकटल्या होत्या. दार पुरतं उघडतच नव्हतं, मध्ये नुसती फट. रक्त खाली उतरायला अडत होतं, वरचा कप्पा तुंबून फुगला होता आणि तुंबारा मागे फुफ्फुसापर्यंत गेला होता. आडवं झालं की तुझा दम कोंडायचा तो त्याच्यामुळे. पोटात बाळ असलं की अंगातलं रक्त वाढतं, म्हणून सात वर्षं निभावलेलं आता निभेना.

"पण धडधडतंय तर किती जोरात."

"तेच वाईट आहे. जितकं भराभर धडधडेल तितका सैल पडायला वेळ कमी. आणि सैल पडल्याशिवाय ते भरत नाही."

"म्हंजे त्याला उसंत पायजे."

"हो."

मग तू विचारलंस, "आन् पोराचं कुटं दिसतंय?" मी म्हटलं, ते या मशीनवर नाही दिसत. तू मान परत भिंतीकडे वळवलीस.

सहाव्या महिन्यात, पुण्याच्या हॉस्पिटलात, बाळ वेळेआधीच झालं. मुलगी होती. ती तासभरसुद्धा राहिली नाही. दाजींनी तिला पाहिलं, मी पाहिलं. तुला पाहता आलं नाही, तू ऑक्सिजनवर होतीस. ती कशी होती असं तू मला एकदाही विचारलं नाहीस. मी मात्र उत्तर तयार ठेवलं होतं, इतकी वर्षं. तिची हनुवटी तुझ्यासारखी होती, ताई.

त्यानंतर झडप बदलायची ठरली. नुसता फुगा घालून दार उघडण्यापलीकडे ते गेलं होतं. सर्जननी दोन वाटा सांगितल्या. एक झडप प्राण्याच्या पेशींपासून केलेली. तिला रोजच्या गोळ्या लागत नाहीत, पुढे मूलही होऊ शकतं, पण ती दहा-पंधरा वर्षांत झिजते, तरुण माणसात त्याआधीसुद्धा, आणि मग परत छाती उघडावी लागते. दुसरी धातूची. ती जन्मभर टिकते, पण तिच्यावर रक्ताची गाठ धरू नये म्हणून रक्त पातळ करायची गोळी रोज घ्यायची, एक दिवस चुकवायची नाही, आणि त्या गोळीवर मूल नको.

तू पहिली म्हणालीस. मी दुसरी म्हटलं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर आपलं जे भांडण झालं ते ऐकून आजूबाजूच्या बायका उठून दुसरीकडे जाऊन बसल्या.

"दोनदा छाती उघडणं म्हणजे काय खेळ आहे का, ताई?"

"उघडायची माजी हाय. तुजी न्हाई."

"आणि दुसऱ्यांदा उठली नाहीस टेबलावरून तर? मूल कुणाला होणार मग?"

हे बोलले आणि तुझा चेहरा पाहिला. पण माघार घेतली नाही. मला तू हवी होतीस. तुला काय हवंय हे मला माहीत होतं, तरी मला तू त्याच्याआधी हवी होतीस. दाजी मध्ये उभे, एकदा तुझ्याकडे बघत, एकदा माझ्याकडे. शेवटी ते तुला म्हणाले, "प्रज्ञाला त्यातलं कळतंय." तू कागद ओढलास, सही केलीस आणि पेन दाजींच्या हातात न देता बाकावर ठेवलंस. त्या सहीबद्दल तू मला नंतर कधीच बोलली नाहीस. बाकी कुठल्याही गोष्टीवरून तू मला फाडून खायचीस. त्या एका गोष्टीवरून नाही. त्यावरूनच मला कळायला हवं होतं.

पण ताई, नंतरची चार वर्षं चांगली गेली, हेही मला सांगायलाच हवं. तिकोणा गडाच्या वाटेवर, घरासमोरच, तू पिठलं-भाकरी आणि ताक द्यायला लागलीस. रविवारी चाळीस-चाळीस पानं उठायची. धातूच्या झडपेला आवाज असतो, बंद होताना ती टिक् करते, आणि खोली शांत असली की समोरच्यालाही तो ऐकू येतो. गडावरून उतरलेली एक कॉलेजातली मुलगी तुला म्हणाली होती, "काकू, तुमच्या हातात घड्याळ नाही, मग टिकटिक कुठून येतेय?" तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "आत हाय गं घड्याळ. चावी द्यायला लागत न्हाई." ती पोरगी तुझ्या छातीला कान लावून बसली होती म्हणे. हे तू मला सांगत होतीस आणि हसून हसून तुला ठसका लागला होता.

आणि एकदा तू गडाच्या पहिल्या दरवाज्यापर्यंत चढलीस. तिथून फोन केलास. वाऱ्यानं निम्मे शब्द उडत होते. "चिमे, हितनं आख्खं पवना धरण दिसतंय बघ! मला दम न्हाई लागला. जरासा लागला. सगळ्यांना लागतो तेवडाच." मी इकोच्या खोलीबाहेर पॅसेजमध्ये उभी होते आणि रडत होते. त्या दिवशी मला वाटलं, बाकावरचं भांडण मीच बरोबर भांडले.

आता वाटतं की त्या वाटण्यानं मी माजले. मी तुझी बहीण राहिलेच नाही, तुझी राखण करणारी झाले. महिन्याला रक्त तपासलंस का, रिपोर्टचा फोटो पाठव, पालेभाजी एकदम जास्त खाऊ नकोस, गोळीचा असर उतरतो, दुखलं खुपलं तर दुकानातून गोळी आणू नकोस, दाताच्या डॉक्टरला आधी सांग. रिपोर्टला दोन दिवस उशीर झाला की मी फोनवर तोंडसुख घ्यायची. तू माझे फोन उचलायचं टाळायला लागलीस. मग दाजी उचलायचे आणि म्हणायचे, "गिऱ्हाईकं हायत, मागनं करती म्हणली." मागून तुझा फोन येत नसे.

म्हणून महिनाभरापूर्वी तू आपणहून फोन केलास तेव्हा मी दोन पेशंटच्या मध्येच तो घेतला.

"चिमे, त्या गोळ्या पोटातल्या बाळाला वाईट असत्यात का गं?"

"कुणासाठी विचारतेस?"

"हितं एक बाई हाय. तिची पण झडप बदललीया."

मी काय खुळी होते का, ताई? तिकोणा पेठेत झडप बदललेली दुसरी बाई कुठून येणार? तू मनात काहीतरी धरलंयस हे मला त्याच क्षणी कळलं. तुला दिवस गेलेले असतील असं मात्र वाटलं नाही. मला वाटलं, नुसती इच्छा आहे, आणि ती आत्ताच मोडायला हवी.

"विष आहेत विष. बाळ वेडंवाकडं होतं. तिला म्हणावं, असलं काही मनातसुद्धा आणू नकोस."

"बरं. सांगते तिला."

आणि मी फोन ठेवला, पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

खरं काय ते मला माहीत होतं. धातूची झडप असलेल्या बाईला दिवस गेले तर डॉक्टर गोळ्या आपल्या देखरेखीखाली बदलतात, त्यांच्या जागी रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं रोज पोटात टोचतात, सारखं तपासत राहतात. जिवाला धोका असतो, मोठा असतो, पण वाट असते. मी अशा बायका पाहिल्या आहेत. हे मी तुला सांगितलं नाही. विसरले म्हणून नाही. तू घाबरावीस म्हणून. तू घाबरलीस, ताई. बाळासाठी घाबरलीस, आणि गोळ्या बंद केल्यास.

त्या मंगळवारी सकाळी दाजींचा फोन आला तेव्हा ते गाडीत होते, दुधिवरे खिंडीच्या अलीकडे. "तिला बोलता यीना झालंय," एवढंच म्हणाले. तुला खुर्चीतून आत आणलं. तुला आडवं करताच येईना, म्हणून बसल्या बसल्याच मी मशीन लावलं. तुझे ओठ निळसर पडले होते. पडद्यावर धातूच्या झडपेची एक पाकळी जागची हलत नव्हती आणि दुसरी अर्धीच उघडत होती. वर रक्ताची गाठ धरली होती. मला ते बघायला दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत.

तू विचारलंस, "काय दिसतंय, चिमे?"

मी म्हटलं, "डॉक्टर सांगतील."

तू माझ्याकडे पाहिलंस. आयुष्यात पहिल्यांदा मी तुला परक्या पेशंटला देतात तसं उत्तर दिलं होतं, आणि त्यावरून तुला सगळं कळलं असणार. डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, गोळ्या चालू आहेत ना? तू दम खात खात एकेक शब्द बोललीस. "बंद केल्यात. तीन आठवडं झालं. मला दिवस गेलेत, डॉक्टर." मी तिथेच उभी होते, हातात मशीन धरून, तुझ्यापासून हातभर अंतरावर. तू ते त्यांना सांगितलंस.

पुण्याला पोचेपर्यंत तू होतीस. त्यांनी तुला आत नेलं. दाजी आणि मी बाहेर उभे राहिलो. दिवस मावळायच्या आत मोठे डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी आधी तोंडावरचा मास्क काढला.

परवाचा विधी झाल्यावर मी तुझ्याच घरी राहिले. काल सकाळी पायरीवर बसले होते. आई आत होती. दाजींनी चहा आणून ठेवला आणि शेजारी बसले. पाहुणे गेल्यावर घर कसं होतं तसं झालं होतं, सतरंज्या गुंडाळलेल्या, मांडवाचे बांबू भिंतीला टेकवलेले. मी ठरवूनच थांबले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. बाकावरच्या भांडणातला माझा हट्ट त्यांना माहीत होता. फोनचं माहीत नव्हतं. तू काय विचारलंस, मी काय उत्तर दिलं, कुठली वाट माहीत असून लपवली, हे एकेक करून सांगितलं. त्यांनी मला उठवून लावलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

ते हातातल्या पेल्याकडे बघत म्हणाले, "मला माहीत व्हतं. दिवस गेल्यालं. गोळ्या बंद केल्यालं पण माहीत व्हतं. तीच म्हणली, प्रज्ञाला आत्ता सांगू नका. तीन महिनं सरू दे. मंग मी सोता जाऊन सांगते, मंग तिला काय वरडायचं ते वरडू दे." आणि थोडं थांबून, "तुमाला साडी घ्यायची म्हणत व्हती, ह्या बातमीबरोबर."

मग ते आपल्याशीच बोलल्यासारखं बोलायला लागले. म्हणाले, "जायच्या आधी आठ-धा दिस तिला लय बरं वाटत व्हतं. दम जरा लागायचा, पण ती म्हणायची, पोटुशी बाईला लागतोच. आन् तो आवाज बंद झाला ना तिचा, त्यानं ती लय खूश झाली."

"कुठला आवाज?"

"टिकटिक. मीच म्हणलो तिला, तुजं घड्याळ ऐकू यीना गं. तर तिनं हात ठिवून बघितला. म्हणली, व्हय की, गप झालं. रुळलं वाटतं आता अंगात. दुपारची गिऱ्हाईकं आटपली की आडवी व्हायची आन् मला म्हणायची, कान लावा, बघा, कायसुदिक न्हाई. म्हणायची, लेकराला आता शांत झोप लागंल."

ताई, मी तुला चार वर्षांत काय काय सांगितलं! मेथी किती, पालक किती, ब्रश मऊ वापर, सुरी जपून धर. पुण्याहून सोडताना दिलेल्या कागदावर सगळं इंग्रजीत लिहिलेलं होतं. तो कागद मी वाचला होता आणि त्यातलं कामाचं तेवढं तुला मराठीत सांगितलं होतं. कामाचं कुठलं हे मी ठरवलं होतं. झडपेचा आवाज बसला, मंद झाला, ऐकू येईनासा झाला, तर एक दिवसही थांबायचं नाही, गाठ धरायला लागल्याची ती खूण असते, हेही त्यात होतं. मी ते गाळलं. तू उगीच दिवसरात्र आवाज ऐकत बसशील, तुझा जीव घाबरा होईल, म्हणून. आणि मी होतेच की लक्ष ठेवायला.

आठ-दहा दिवस होते आपल्याकडे. तेव्हा आली असतीस तर गाठ लहान असती.

दाजी माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना काहीतरी कळत चाललं होतं. त्यांनी पेला खाली ठेवला.

"ते चांगलं न्हवतं का, प्रज्ञा? आवाज बंद झाला ते?"

"नाही, दाजी."

पाऊस तेवढा पडत होता. समोर गडाची वाट पाण्यानं भरून खाली येत होती. त्यांनी मला दोष दिला नाही, आवाजही चढवला नाही. नुसतं समजून घ्यायचं असावं तसं त्यांनी विचारलं,

"मंग आमाला कुणी सांगितलं का न्हाई?"